पारंपरिक खेळांचे मोल कशात आहे आणि ते शाळेत कसे आणावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या शाळेने दर शनिवारी एक तास पारंपरिक खेळांसाठी राखून ठेवला आहे. काही पालकांना तो अभ्यासाचा वेळ वाया घालवणे वाटते आणि काही सहकाऱ्यांना ती जुन्या आठवणींची हौस वाटते. तेव्हा विटीदांडू, लगोरी, सागरगोटे, आट्यापाट्या अशा खेळांना खरोखर काही सांस्कृतिक मूल्य आहे का, आणि असेल तर ते आठवड्यातल्या एका तासात मुलांपर्यंत कसे पोहोचवायचे, असे आपण विचारले आहे. मी ३३ वर्षे प्राथमिक शाळांत शिकवले, त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे खेड्यांतल्या शाळांत गेली, आणि मैदानाची जबाबदारी बहुतेक ठिकाणी माझ्याकडेच असे. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

मूल्य निश्चित आहे. मात्र ते विटीच्या लाकडात किंवा खेळाच्या वयात शोधू लागलो तर हाती फारसे काही लागत नाही. मौखिक परंपरेतल्या बहुतेक गोष्टी मोठ्या माणसांकडून लहानांकडे येतात: ओव्या आजीकडून, रांगोळी आईकडून, शेतीतले आडाखे वडिलांकडून. मैदानी खेळ मात्र नऊ-दहा वर्षांच्या मुलाने सहा-सात वर्षांच्या मुलाला दिलेला असतो, आणि हा सातवर्षीय आणखी तीन वर्षांनी तो पुढच्याला देतो. मधे शिक्षक नसतो, पुस्तक नसते आणि बक्षीसही नसते. मुलांनी स्वतः सांभाळलेली, स्वतः दुरुस्त केलेली आणि आपसांत वाटून घेतलेली अशी दुसरी संस्कृती आपल्या समाजात क्वचितच सापडेल. या खेळांचे मोल मी तिथे मोजते, आणि ते शाळेत आणताना सर्वाधिक जपावे लागते तेही तेच.

खेळ सुरू होण्याआधीचा भाग आपण मोठी माणसे सहसा पाहतच नाही. राज्य कोणावर यायचे हे ठरवण्यासाठी मुले तिघातिघांनी हात जुळवून तळवे उपडे किंवा उताणे टाकतात आणि ज्याचा तळवा इतर दोघांहून वेगळा पडेल तो सुटतो. कुठे याला चकणे म्हणतात, कुठे सुटणे. शेवटी दोघेच उरले की ही युक्ती चालत नाही, म्हणून आधीच सुटलेला एखादा गडी आपला हात उसना देतो. हा उसना हात मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे. त्या गड्याचे हित त्या निकालात गुंतलेले नसते, म्हणूनच त्याचा हात दोघांनाही चालतो, आणि निःपक्षपातीपणा म्हणजे काय हे कुणी न सांगता पाच-सहा वर्षांच्या मुलाला कळते.

याच प्रकारची दुसरी सोय म्हणजे लिंबूटिंबू. ज्याला नीट खेळता येत नाही, पण घरी एकटे ठेवता येत नाही किंवा ज्याचे मन मोडवत नाही, अशा लहानग्याला खेळात घेतात. तो पळतो, लपतो, ओरडतो, पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. कुणाला वगळायचे नाही आणि खेळही बिघडू द्यायचा नाही, या दोन परस्परविरोधी गरजांवर मुलांनीच काढलेला हा तोडगा आहे. एका शाळेत तिसरीतली एक मुलगी चार वर्षांच्या भावाला रोज बरोबर आणत असे, कारण आई भल्या पहाटे कांद्याच्या लागणीला जात असे. तो मुलगा जवळजवळ वर्षभर विष-अमृतात लिंबूटिंबू होता. एके दिवशी त्याने हट्ट धरला की मलाही राज्य पाहिजे. मी ओट्यावरून पाहत होते. मुले गोल करून उभी राहिली, काही वेळ चर्चा झाली, आणि ठरले असे की त्याला राज्य द्यायचे, पण तो राज्य घेत असेपर्यंत बाकीच्या सर्वांनी लंगडी घालतच पळायचे. त्याने दोघांना विष दिले. त्यानंतर आठवडाभराने लंगडीची अट आपोआप गळून पडली आणि तो पक्का गडी झाला. स्पर्धेतली विषमता कशी भरून काढावी यावर मी प्रशिक्षणांमध्ये बरेच ऐकले आहे, पण त्या दिवशी पाहिले त्याहून नेमके काही ऐकल्याचे आठवत नाही.

भांडणांविषयीही सांगितले पाहिजे, कारण पालकांची तक्रार बहुधा तीच असते की मुले खेळतात कमी आणि भांडतात जास्त. ते खरे आहे. आट्यापाट्यांत पाटीवरच्या, म्हणजे आडव्या रेघेवर उभे राहून वाट अडवणाऱ्या गड्याचा पाय रेघेबाहेर पडला की नाही यावर माझ्या चौथीच्या वर्गाने एकदा मधल्या सुट्टीचा निम्मा वेळ घालवला होता. शिट्टी माझ्या हातात होती आणि ती वाजवण्याचा मोह अनावर झाला होता. तेवढ्यात दोन्हीकडच्या मुलांनी ‘डाव परत’ असा निकाल काढला. ‘डाव परत’ या दोन शब्दांचा अर्थ असा, की खरे काय घडले हे आता ठरवता येणार नाही, तरीही एकमेकांना खोटे ठरवल्यावाचून पुढे जाता येते. पंच असता तर निकाल दोन सेकंदांत लागला असता आणि मुलांना यातले काहीच करावे लागले नसते. ‘रडीचा डाव’ हा शब्दप्रयोगही याच मैदानावरून घराघरांत गेला आहे. हरल्यावर नियमांना नावे ठेवणाऱ्यासाठी मुलांनी जो शब्द ठेवला, तोच मोठी माणसे राजकारणापासून भाऊबंदकीपर्यंत वापरतात.

भाषेचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबते, कारण सांस्कृतिक मूल्य दाखवून द्या असे कुणी म्हणाले तर मी पहिला पुरावा तोच देते. आपण म्हणतो की अमुक चळवळीचे लोण खेड्यापाड्यांत पोहोचले. हे लोण आट्यापाट्यांतले आहे. शेवटची पाटी ओलांडून गेलेला गडी परत फिरतो तेव्हा तो लोण घेऊन येतो आणि अलीकडच्या पाट्यांत अडकलेल्या आपल्या गड्यांपर्यंत ते पोहोचवतो. त्या शेवटच्या पाटीचे नावच लोणपाटी. कबड्डीतही समोरचा सगळा संघ बाद केला की लोण चढते आणि दोन गुण अधिक मिळतात. एखाद्याने आपली सूचना कोलून लावली असे म्हणताना आपण विटी कोलतो. चांगल्या कामात कुणी खो घातला म्हणतो, हूल दिली म्हणतो, भिडू आणि गडी हे शब्द तर रोज वापरतो. मुलांना हे शब्द कोशातून सांगितले की ती ऐकून घेतात. पण आट्यापाट्यांत एकदा लोण घेऊन परत आलेल्या मुलाला वर्तमानपत्रातले ते वाक्य वाचायला दिले की त्याच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटते, ती वेगळीच असते. भाषेच्या तासाला मी हे अनेकदा केले आहे.

विटीदांडूतली मोजणी त्याहूनही रोचक आहे. दांडूने अंतर मोजताना जुनी मुले एक, दोन, तीन म्हणत नसत. ती म्हणत वकट, लेंड, मुंड, नाल, आर, वेद, झकू. हे शब्द तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्या शेजारी ठेवून पाहा. पहिले चार जवळजवळ तसेच आहेत. पुढे तेलुगूत ऐदु, आरु, एडु असा क्रम आहे. आपल्या मोजणीत तो विस्कटला आहे, आणि झकूचा तर कशाशीच मेळ बसत नाही. शेजारच्या भाषेतले आकडे मराठी मुलांच्या तोंडी आले, त्यांचा अर्थ विसरला गेला, आणि तरीही पिढ्यानुपिढ्या ते जिभेवर टिकले, कारण त्यांच्याशिवाय डाव मोजताच येत नव्हता. शिवाय ज्या आकड्यावर मोजणी थांबेल त्यानुसार विटी टोलवण्याची पद्धत बदलत असे: कधी ती पायाच्या चवड्यावर ठेवून उडवायची, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर. कोणत्या शब्दाला कोणती रीत हे गावागणिक निराळे असे. भाषा प्रांतांच्या सीमा कशा ओलांडतात हे शिकवायला याहून चांगला धडा मला सापडलेला नाही. असाच प्रवास डबडा ऐसपैस या लपाछपीच्या खेळाचाही सांगतात. इंग्रजीतल्या ‘आय स्पाय’चे मुलांच्या तोंडी ऐसपैस झाले असे मानले जाते. म्हणजे परके ते बाहेर ठेवावे असे या खेळांना कधी वाटलेच नाही. आपल्या परंपरेविषयी बोलताना ही गोष्ट आपण मोठ्यांनीही लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

हे खेळ जुने आहेत याविषयी शंका नाही. तुकारामांच्या गाथेत विटीदांडू, हुतुतू (म्हणजे आजची कबड्डी), हमामा, फुगडी या खेळांवर अभंग आहेत, म्हणजे सतराव्या शतकातल्या श्रोत्यांना हे खेळ इतके परिचयाचे होते की त्यांच्या आधाराने परमार्थ सांगता येत होता. लेण्यांच्या ओट्यांवर, गडांच्या पायऱ्यांवर आणि जुन्या देवळांच्या फरश्यांवर नवकंकरीचे किंवा वाघ-बकरीचे पट कोरलेले आढळतात. सहलीला गेलात तर मुलांना ते शोधायला सांगा. पाच-दहा खडे गोळा करून तिथेच बसून डाव मांडता येतो.

आता साहित्याविषयी. या खेळांचे साहित्य विकत मिळत नसे, ते ऋतूबरोबर यायचे. पावसाने जमीन मऊ झाली की लोखंडी सळई रोवत रोवत पुढे जाण्याचा खेळ सुरू व्हायचा, आणि जमीन कडक झाली की तो आपोआप बंद पडायचा. पिके निघून शेते मोकळी झाली की विटीदांडू, संक्रांतीच्या सुमारास पतंग, आणि चिंचा फोडून झाल्या की उन्हाळ्याच्या दुपारी घराघरांत चिंचोके. सागरगोटा हे एका काटेरी वेलीचे राखाडी रंगाचे, दगडासारखे टणक बी आहे. तिची शेंगही काट्यांनीच भरलेली असते, त्यामुळे ती फोडून बिया काढणे हेच एक कौशल्य असे. सूरपारंब्या तर वडाशिवाय होऊच शकत नाही. उचललेल्या पायाखालून काठी दूर भिरकावली जाते, राज्य असलेला ती आणून रिंगणात ठेवतो, तोवर बाकीचे झाडावर चढलेले असतात, आणि मग त्याची नजर चुकवून पारंबीवरून खाली उतरून काठीपर्यंत पोहोचायचे असते. रस्ता रुंद करताना गावाबाहेरचे वड गेले तेव्हा सावली गेली असे सगळे म्हणाले. एक खेळही गेला, हे फक्त मुलांना कळले.

मुले खेळत नाहीत याचा दोष सरसकट मोबाईलला देणे मला पटत नाही. मोबाईल येण्यापूर्वीच मोकळ्या जागा कमी झाल्या होत्या, संध्याकाळ शिकवणीने घेतली होती, आणि सर्वांत मोठे नुकसान म्हणजे वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र येईनाशी झाली होती. वर्ग, तुकड्या, वयोगटाची शिबिरे या सगळ्यांत आठ वर्षांचे मूल आठ वर्षांच्याच मुलांत असते. ज्याच्याकडून खेळ घ्यायचा तो मोठा आणि ज्याला द्यायचा तो धाकटा, दोघेही त्याच्या आसपास नसतात. साखळी तिथे तुटली आहे. मोबाईल त्या रिकाम्या जागेत नंतर आला.

पालकांना अभ्यासाची काळजी असेल तर त्यांना सागरगोट्यांचा एक डाव जवळून दाखवा. पाच बिया असतात. एक वर उडवायची, ती खाली येण्याआधी जमिनीवरची बी उचलायची आणि वरची झेलायची. पहिल्या फेरीत उरलेल्या चार बिया एकेक करून उचलायच्या, दुसरीत दोन-दोन, तिसरीत तीन आणि एक, चौथीत चारही एकदम. पहिलीच्या मुलीने चार या संख्येच्या निरनिराळ्या फोडी हाताने अनुभवलेल्या असतात. तिसऱ्या फेरीत कोणत्या तीन बिया एका मुठीत येतील हे बी हवेत असतानाच तिला ताडावे लागते, आणि बिया पसरतानाच पुढच्या फेरीचा विचार करावा लागतो.

चल्लसआठ या पटावरच्या खेळाचेही तसेच आहे. चिंचोके फोडून त्यांच्या दोन डाळी करतात, एक बाजू पांढरी आणि एक काळसर. चार डाळी टाकल्या की जितक्या पांढऱ्या उताण्या तितके दान, चारही उताण्या तर चल्लस आणि चारही पालथ्या तर आठ. दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात असे धरले तर एकूण १६ शक्यतांपैकी सहांत दोनचे दान पडते, एक आणि तीन प्रत्येकी चारांत, आणि चल्लस व आठ प्रत्येकी फक्त एकात. सहावीच्या मुलांना मी दोनशे दाने टाकून नोंद करायला सांगत असे. दोन सर्वाधिक पडते हे त्यांना आधीच माहीत असे. का पडते हे कागदावर मांडताना त्यांना शोधून काढावे लागे. प्रत्यक्ष नोंद हिशेबाशी तंतोतंत जुळत नसे, कारण चिंचोका काही नाण्यासारखा सपाट नसतो, आणि त्या फरकावर होणारी चर्चा हीच त्या तासाची खरी कमाई असे.

मुलींच्या खेळांचा विचार वेगळा करावा लागतो. हस्त नक्षत्राच्या दिवसांत पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा, तो भोंडला किंवा हादगा. विदर्भ-खानदेशात भुलाबाई. कुठे कुठे सोळा दिवस रोज एक गाणे वाढवत नेत, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची असे. मंगळागौरीला झिम्मा, फुगडी, पिंगा, लाट्या, आगोटापागोटा असे कितीतरी प्रकार. या गाण्यांत सासरचा जाच, माहेरची ओढ, नणंदेचे टोमणे हे सगळे उघडपणे येते. जे घरात बोलता येत नव्हते ते फेरात, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून बोलता येत होते, आणि बोलणारी एकटी नसल्यामुळे तिला कुणी जाब विचारू शकत नव्हते. लहान मुली अर्थ न कळता ती गाणी म्हणत आणि पुढे त्यांना तो अर्थ कळे. आजच्या मुलींना ही गाणी जरूर शिकवा, पण त्यांतली सून का कुढते यावर त्यांच्याशी बोलाही. नुसता नऊवारीतला कार्यक्रम बसवला तर त्यातले दुःख नाचून निघून जाते.

इथेच एक अवघड बाबही मांडते. परंपरेतले सगळेच जपण्यासारखे नाही. मैदानात सगळे समान, असे आपण म्हणतो, पण अनेक गावांत कोणती मुले कोणत्या मैदानात खेळणार हे जात ठरवत असे, आणि मुली ऋतुमती झाल्या की त्यांचा पळण्याचा खेळ संपत असे. आट्यापाट्यांतल्या पहिल्या पाटीला जातिवाचक नाव होते. तिचे दुसरे नाव कपाळपाटी, आणि मी नेहमी तेच वापरले. हरणाऱ्याला चिडवण्याच्या काही ओळी क्रूर आहेत. गलोलीने पाखरे टिपणे हाही खेळच होता. नायलॉनच्या मांजावर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली ती योग्यच होती. ज्या परंपरेने लिंबूटिंबूसाठी नियम वाकवला तिच्यात बदल करण्याची सोय पहिल्यापासून आहे, त्यामुळे मुलींना विटीदांडूत आणि मुलांना सागरगोट्यांत घेताना संकोच बाळगू नये. पहिल्या दिवशी मुलगे लाजतात. चौथ्या फेरीत बी हातातून निसटू लागली की लाज विसरतात.

खेळांना नियमबद्ध रूप देण्याचा प्रयत्न महाराष्ट्राने फार आधी केला, तेही सांगायला हवे. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये तयार केले. त्याच वर्षी अमरावतीत सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतुतूची प्रात्यक्षिके दाखवली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी आली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. याचा मला अभिमान आहे, कारण ग्रामीण भागातल्या कितीतरी मुलामुलींना या खेळांनी नोकरी आणि मान दिला. परंतु प्रमाणित खेळ आणि गल्लीतला खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खो-खोला मैदानात नऊ गडी लागतात. गल्लीत पाच जमले तर पाचांचा खो-खो होतो. आपल्या शनिवारच्या तासाला मी दुसऱ्या प्रकारच्या खेळाची शिफारस करीन.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये देशी खेळांचा अध्यापनात वापर करण्याचा उल्लेख आहे, आणि भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्कांच्या संहितेतले ३१ वे कलम खेळण्याच्या हक्काविषयी आहे, तेव्हा वरिष्ठांना टिपण द्यायचे असल्यास हे दोन आधार पुरेसे आहेत. प्रत्यक्ष तासाविषयी मात्र माझे सांगणे थोडे वेगळे आहे. एकदा मी मुलांना घेऊन एका पारंपरिक खेळ महोत्सवाला गेले होते. मांडव होता, नियमांचे फलक होते, प्रत्येक खेळासाठी शिट्टीवाले पंच होते. माझी मुले विटीदांडूच्या रांगेत पाऊण तास उभी राहिली, प्रत्येकाला दोन टोले मिळाले, प्रमाणपत्र मिळाले, आणि परतीच्या गाडीत एकही मूल त्या खेळाविषयी बोलले नाही. आयोजकांचा हेतू चांगला होता. पण मुलांना ठरवायला काही उरलेच नव्हते.

म्हणून शनिवारी तिसरी ते सहावीची मुले एकत्र आणा, वर्गवार नको. दर शनिवारी नवा खेळ घेण्याचा मोह टाळा. एक खेळ चार शनिवार चालू द्या, कारण पहिल्या दिवशी मुले नियम शिकतात, दुसऱ्या दिवशी भांडतात आणि तिसऱ्या दिवसानंतर खेळतात. खेळ शिकवायला आपण स्वतः उभे राहण्याऐवजी गावातल्या एखाद्या आजीला किंवा आजोबांना बोलवा आणि त्यांच्याकडून सहावीच्या चार मुलांना तो आधी शिकू द्या. धाकट्यांना शिकवण्याचे काम त्या चौघांवर सोपवा. आजोबांचे नियम आणि आपल्या आठवणीतले नियम जुळले नाहीत तर दुरुस्त करू नका. तो त्या गावाचा खेळ आहे. साहित्य मुलांना शोधू द्या. लगोरीचे सात चपटे दगड निवडायला माझ्या मुलांनी एकदा ओढ्याकाठी सगळी दुपार घालवली. कोणता दगड खाली आणि कोणता वर, कोणता नीट बसतो आणि कोणता डुगडुगतो, हे त्यांनी हाताळूनच ठरवले. चिंध्यांचा चेंडूही त्यांनाच बांधू द्या.

विटीदांडूच्या बाबतीत मात्र मी कडक राहिले. विटी डोळ्याला लागून कायमची इजा होऊ शकते. झेल घेणाऱ्यांनी किती अंतरावर उभे राहायचे याची रेघ मीच आखत असे, टोलवणाऱ्याच्या बाजूला आणि मागे कुणालाही उभे राहू देत नसे, आणि लहानांसाठी विटीची टोके बोथट करून घेत असे. सुरक्षिततेचे एवढे नियम आपले, बाकीचे मुलांचे. वाद झाला की लगेच जाऊ नका. मारामारी होत नाही तोवर ओट्यावर बसून राहा. हे फार कठीण जाते, मलाही अनेक वर्षे गेली. आणि मुलांनी नियम बदलला तर तो वहीत लिहून ठेवायला सांगा: तारीख, जुना नियम, नवा नियम आणि का बदलला याचे कारण. अशी एक वही माझ्या एका शाळेत तीन वर्षे चालली होती आणि तिच्यातली कारणे वाचण्यासारखी होती. ‘गौरी दोन वेळा पडली म्हणून दगडी बाजूला पळायचे नाही’ हे त्यांपैकी एक.

तास यशस्वी झाला की नाही हे शनिवारी कळत नाही, म्हणून शनिवारी मूल्यमापनाचा तक्ता भरू नका. सोमवारी मधल्या सुट्टीत मैदानाच्या कोपऱ्यावर, मुलांना दिसणार नाही अशा जागी उभे राहा. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी आट्यापाट्यांचे चार शनिवार घेतले होते, नऊ पाट्या आखून आणि मधोमध सूर, म्हणजे सगळ्या पाट्यांना छेदणारी उभी रेघ, ओढून. पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी मी तशी उभी राहिले तेव्हा रेघा आखायची फक्की कपाटात बंद होती, म्हणून मुलांनी चुलीतल्या कोळशाने रेघा ओढल्या होत्या. पाट्या सहाच होत्या, कारण त्या दिवशी गडी कमी होते, आणि शेवटच्या पाटीवर पहिलीतली एक मुलगी उभी होती, जिला मी कधी काही शिकवले नव्हते.